लालबागचे प्रमोटर

माणसाकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. 'साधारण', 'अंदाजे' असले शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. आमची पहिली भेट माझ्या परळच्या दवाखान्यात झाली. बाकावर सात-आठ पेशंट बसलेले. त्या सगळ्यांसमोर त्यांनी मला एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "बाई, एकसष्ट. चपला काढल्यात तर साठ सातशे." डॉक्टर मी, काटा माझा, आणि चारचौघांत वजन जाहीर होत होतं तेही माझंच! मी अशी काही भडकले की विचारू नका. शेवटचा पेशंट गेल्यावर मात्र दाराला आतून कडी घातली, चपला काढल्या आणि काट्यावर उभी राहिले. साठ सातशे.

त्या दिवशी ते स्वतःची तब्येत दाखवायला आले नव्हते. भुवई फाटलेला एक तरुण त्यांच्याबरोबर होता. मी टाके घालत होते आणि हे बाजूला उभे राहून त्याच्या जखमेकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते. शेवटचा टाका झाल्यावर म्हणाले, "बाई, रविवारी संध्याकाळी मोकळ्या असता का? आमच्या लढतींना रिंगशेजारी डॉक्टर लागतो." मी स्पष्ट सांगितलं, मला मारामारी अजिबात आवडत नाही. "म्हणूनच तर विचारतोय," ते म्हणाले. "ज्याला आवडते तो डॉक्टर लढत थांबवत नाही." त्या रविवारी मी गेले. दादरला घरी आईने कपाळाला हात लावला. "एवढं शिकलीस ते माणसं एकमेकांना बुकलताना बघायला?" पुढची अकरा वर्षं मी त्यांच्या रिंगशेजारच्या खुर्चीत बसले.

सगळं लालबाग त्यांना प्रमोटर म्हणायचं. वाणी, पोस्टमन, चाळीतल्या म्हाताऱ्या, सगळेच. व्यावसायिक बॉक्सिंगच्या लढती ठरवायच्या, परवानग्या काढायच्या, हॉल मिळवायचा, रिंग उभी करायची, लोक गोळा करायचे, हा त्यांचा धंदा. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामात काट्यावर कारकून होते. वर्षानुवर्षं काट्यावर चढणाऱ्या गाठी बघून बघून डोळा तयार झाला. संध्याकाळी तालमीत बॉक्सिंग करायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. ते लपवत नसत, उलट अभिमानाने सांगत. "जिंकणाऱ्याला बघायला वेळ नसतो, बाई. मी प्रत्येकाच्या हातचा मार खाल्लाय, त्यामुळे कोण कसा मारतो ते मला नीट ठाऊक आहे." गोदामाचं काम संपलं तेव्हा त्यांच्या वयाच्या माणसांनी वॉचमनच्या नोकऱ्या धरल्या. यांनी चाळीच्या मागच्या मैदानात चार बांबू रोवून, दोर बांधून पहिली लढत लावली.

कोणाची जोडी कोणाशी लावायची यात प्रमोटरचं खरं कसब असतं. दोघांचं वजन जुळायला हवं, अनुभव जुळायला हवा, नाहीतर एकाचा जीव जातो. बाकीचे प्रमोटर व्हिडिओ बघून जोड्या लावत. हे घरी जात. हातात केळ्यांची फणी घेऊन, आधी न कळवता, मुलगी बघायला जावं तसे. आईशी बोलत, भिंतीवरचे फोटो बघत, जेवायला वाढलं तर जेवत. मी एकदा विचारलं, हा खटाटोप कशासाठी? म्हणाले, "पोरगा किती जोरात मारतो ते जिममध्ये कळतं. किती सोसतो ते घरी कळतं." एकदा रे रोडच्या एका मुलाच्या घरी जाऊन आले आणि ठरलेली जोडी मोडून टाकली. कारण विचारल्यावर एवढंच म्हणाले, "बापाचा राग आहे त्याच्या मनात. तो रिंगमध्ये पडणार नाही, मरेपर्यंत उभा राहील. आधी तो राग उतरू दे." दीड वर्ष त्याला थांबवला. दर महिन्याला त्याच्या घरी जात राहिले, आणि मगच त्याची लढत लावली. माझ्या शिक्षणात मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांची आणखी एक रीत होती. पहिल्या रांगेत पुढारी बसत नसत, आया बसत. लढणाऱ्या दोघांच्या आया, त्याही शेजारीशेजारी. सुरुवातीला मला हा शुद्ध आचरटपणा वाटला. मग एका लढतीला लालबागच्या मुलाची आई गोवंडीच्या मुलाच्या आईला म्हणताना ऐकलं, "तुमच्याला सांगा हो जरा, नाकावर नको मारू म्हणावं. त्याचं एकदा मोडलंय." ती बिचारी पदर सावरत म्हणाली, "मैं क्या बोलूँ बहन, मेरी सुनता कहाँ है!" तिसऱ्या राउंडला दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. प्रमोटर म्हणायचे, आया समोर असल्या की मुलगा घंटा वाजल्यावर मारत नाही. हे खरं की खोटं मला माहीत नाही, पण त्यांच्या रिंगमध्ये घंटेनंतर मारलेला ठोसा मी अकरा वर्षांत एकदाही पाहिला नाही.

लढत चालू असताना ते कधी बसले नाहीत. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, पायांत काळ्या चपला, आणि माझ्या खुर्चीच्या मागे उभे. एक शब्द बोलायचे नाहीत. पहिल्याच वर्षी मी एक लढत थांबवली. लालबागचा लाडका मुलगा होता, गुणांवर पुढे होता, पण मला त्याची मान बरी दिसेना. मी हात वर केला. त्यानंतर जो काही गोंधळ झाला! माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. प्लास्टिकची एक बाटली माझ्या खांद्याला लागली. प्रमोटर शांतपणे दोरांतून आत शिरले, माइक घेतला आणि म्हणाले, "बाईंवर ओरडायचं नाही. त्यांना मी बसवलंय. आमच्याकडे डॉक्टरबाईंचा शब्द शेवटचा. ज्याला पटत नसेल त्याने घरी जाऊन पंखा लावून बसावं." लोक हसले आणि बसले. परत येऊन ते माझ्या मागे उभे राहिले, मी का थांबवलं तेही विचारलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत त्यांनी तो शब्द पाळला. एकदाच मोडला, आणि मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाबद्दल.

रुपेश हा त्यांचा सगळ्यात गुणी बॉक्सर. नायगावच्या बीडीडी चाळीतला, बाप नसलेला, आई पोळ्या लाटून घर चालवणारी. सत्तावन्न किलोच्या गटात लढायचा. त्याला प्रमोटरांनी सोळाव्या वर्षापासून वाढवला होता. बेल्टच्या लढतीसाठी त्याचं नाव आलं तेव्हा तो पंचवीसचा होता. देशाच्या विजेतेपदाचा बेल्ट, समोर हरियाणाचा मुलगा, आणि लढत परळच्या हॉलमध्ये. असल्या लढती दिल्लीला व्हायच्या, फार तर मोठ्या हॉटेलांत. गिरणगावात, आपल्या माणसांसमोर बेल्टची लढत व्हावी म्हणून प्रमोटरांनी वीस वर्षं चपला झिजवल्या होत्या. बॉक्सिंग बोर्डाचं पत्र आलं त्या दिवशी ते पेढे घेऊन दवाखान्यात आले आणि बाकावर नुसते बसून राहिले. "बाई, झालं," एवढंच म्हणाले. मला त्यांचे डोळे बघवेनात, मी उगाच कुणाचा तरी रिपोर्ट वाचत बसले.

तारीख त्यांनीच निवडली. गणपती विसर्जनानंतरचा आठवा दिवस. चाकरमानी गावाहून परतलेले असतील, हॉल खच्चून भरेल, हा त्यांचा विचार. आता, वजनावर जगणाऱ्या माणसाने, तेही मालवणच्या, अशी तारीख निवडावी? मुंबईतला कोकणी मुलगा एक वेळ बेल्ट सोडेल, गणपतीला गाव सोडणार नाही. रुपेश गेला. आजीने मोदक वाढले, मामीने गौरीला वडे-सागोती वाढली, गावचा पोरगा देशाचा बॉक्सर होणार म्हणून वाडीतल्या प्रत्येक घराने त्याला जेवायला बोलावलं. नको म्हणायची सोय नव्हती. तो परत आला तेव्हा प्रमोटर नायगावला त्याच्या चाळीखाली उभे होते. रुपेश पिशव्या घेऊन उतरला. प्रमोटरांनी बघितलं आणि म्हणाले, "साडेएकसष्ट." आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. हे मला रुपेशच्या आईने सांगितलं.

लढतीआधीचं अधिकृत वजन व्हायला सहा दिवस होते. प्रमोटरांनी तारीख पुढे ढकलायला फोन केले, पण हरियाणाचे लोक तयार होईनात आणि हॉलही मिळेना. रुपेश म्हणाला, "मी करतो. तुम्ही फक्त बघा." मग सुरू झालं ते. अंगात प्लास्टिकचे कपडे घालून धावणं, पाणी तोंडात धरून थुंकणं, शेवटचे दोन दिवस तर घोटभरही नाही. लढतीच्या आदल्या दिवशी सकाळी काट्यावर तो बरोबर सत्तावन्न भरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. प्रमोटर तेवढे काट्यापाशी उभे राहून रुपेशच्या ओठांकडे बघत होते. मला हळूच म्हणाले, "हॉल भरायचं बघितलं मी. पोरांची पोटं विसरलो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता हॉलच्या मागच्या खोलीत मी रुपेशला तपासलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. डोळ्यांत टॉर्च मारला, ठीक. दोन बोटं धरून विचारलं, "किती?" "दोन." डावीकडे नेऊन तीन धरली. "तीन." चालायला लावलं, चालला. मी फॉर्मवर 'फिट' लिहून सही केली. बाहेरून ढोलताशा ऐकू येत होता. खोटं कशाला बोलू, ती लढत मलाही हवी होती.

तेवढ्यात प्रमोटर आत आले. रुपेशकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "बाई, हा अठ्ठावन्न आहे." मी म्हटलं, बरं मग? "काल सकाळपासून आतापर्यंत खाऊनपिऊन चार किलो तरी परत चढायला हवेत. एकच चढलाय. पाणी गेलेलं नाही त्याच्या अंगात. कोरड्या डोक्यावर ठोसे बसले तर काय होतं ते तुम्ही मला सांगायला हवं." मी रुपेशला काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न शंभर. त्याला विचारलं तर म्हणाला, खिचडी खाल्ली, शहाळी प्यायलो, एकदम टकाटक आहे. मी पुन्हा नाडी बघितली. ठीकच होती.

"तुम्हाला काय दिसतं ते सांगा," प्रमोटर म्हणाले.

"मला सगळं ठीक दिसतंय. वजन कमी चढलं एवढ्यावर मी अनफिट कसं लिहू?"

हे आम्हा दोघांनाही पुरतं माहीत होतं की मी अनफिट लिहिलं असतं तर नियमाप्रमाणे लढत रद्द झाली असती आणि त्यांना कुणी काही विचारलं नसतं. पण डॉक्टरने फिट ठरवलेल्या बॉक्सरची बेल्टची लढत प्रमोटरने आपल्या मनाने रद्द केली, तर त्याचा परवाना जातो. मला वाटलं, आता हे गळ घालतील. मी मनातल्या मनात नकाराची तयारीही केली. ते म्हणाले, "नका लिहू. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही." चष्मा पुसला, परत डोळ्यांवर ठेवला आणि रिंगकडे निघाले.

हॉलमध्ये त्यांना बघून लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांनी माइक घेतला. "लढत होणार नाही," ते म्हणाले. "रुपेशची चूक नाही. डॉक्टरबाईंची नाही. तारीख मी लावली, गणपतीनंतर लावली. वजन उतरवायला त्या पोराने जे केलं ते माझ्यामुळे केलं. तिकिटं दारावर परत घेतली जातील." क्षणभर कोणालाच कळेना. मग खुर्च्या उडायला लागल्या. ज्या माणसाने गिरणगावाला बेल्टची लढत आणून दिली, त्याच्या अंगावर गिरणगाव धावून गेलं. रुपेश ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी त्यांची कॉलर धरायला बघत होता, "वाटोळं केलंत माझं! बाप म्हणत होतो तुम्हाला!" असं ओरडत होता. पहिल्या रांगेत एकटी त्याची आई उठली, पिशवी खांद्याला लावली, रिंगपाशी जाऊन मुलाला म्हणाली, "चल घरी." हरियाणाच्या मुलाची आईही आली होती. ती मागून रुपेशच्या आईचा पदर सारखा करत होती.

मला त्या संध्याकाळी भयंकर राग आला होता. लोकांवर नव्हे, प्रमोटरांवर. अकरा वर्षं 'डॉक्टरबाईंचा शब्द शेवटचा' म्हणणाऱ्या माणसाने भरल्या हॉलमध्ये माझी सही केराच्या टोपलीत टाकली, असं मला वाटलं. महिन्याभराने बोर्डाने चौकशीला बोलावलं. टेबलापलीकडे तीन माणसं होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, बॉक्सर फिट होता का? मी म्हटलं, "माझ्या तपासणीत फिट होता." प्रमोटर समोर मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांना विचारलं, तुमच्याकडे याविरुद्ध काही पुरावा आहे का? "नाही साहेब," ते म्हणाले. त्यांचा परवाना कायमचा रद्द झाला. खाली रस्त्यावर त्यांनी मला हाक मारली. "बाई, बरं बोललात. जे लिहिलं तेच बोललात. चला, चहा घेऊ." मी घड्याळ बघितलं आणि घाई असल्याचं सांगून निघून गेले. घाई कसली डोंबलाची! दवाखाना उघडायला दीड तास होता.

त्यानंतर मी रिंगशेजारी बसणं सोडलं. प्रमोटरांच्या लढती संपल्या. काट्यावर काम केलेला माणूस पुन्हा काट्याकडे गेला, एका भंगारवाल्याकडे वजनं करायला लागला. लोक तरी त्यांना प्रमोटरच म्हणत. ते रस्त्यात दिसले की मी नमस्कार करायचे, ते "बऱ्या आहात ना?" विचारायचे. यात सहा वर्षं गेली. मग कळलं की त्यांचं लिव्हर गेलंय आणि ते घरीच असतात. चाळ पाडून टॉवर झाला होता. एकोणिसाव्या मजल्यावर, खिडकीपाशी कॉटवर ते पडले होते. मला बघून उठायला गेले. मी नाडी बघायला हात हातात घेतला, तो हलका लागला.

"बाई, चव्वेचाळीस," ते म्हणाले. "फ्लायवेटच्या, त्या माशीच्या गटातही कोणी घेणार नाही."

मी हसले नाही. सहा वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "प्रमोटर, त्या दिवशी तुम्हाला नक्की माहीत होतं का? रुपेशला धोका आहे म्हणून?"

ते म्हणाले, "त्या दिवशी? नाही. शंका होती."

"नुसत्या शंकेवर तुम्ही सगळं सोडून दिलंत?"

"शंका आल्यावर पोराक आत पाठवूचा?" ते माझ्याशी कधी मालवणी बोलत नसत. "माका जमलां नाय, बाई."

मी खाली आले आणि टॉवरच्या गेटपाशी कितीतरी वेळ उभी राहिले. खात्री असलेल्या माणसाने त्याग केला तर त्याचं मला एवढं वाटलं नसतं. वीस वर्षांची धडपड आणि गिरणगावातलं नाव, सगळं त्यांनी एका शंकेवर ओवाळून टाकलं होतं. एवढा मोठा माणूस मी परत पाहिला नाही. आणि मी त्यांचा चहा नाकारला होता.

पंधरा दिवसांनी ते गेले. तेराव्याला मी टॉवरच्या हॉलमध्ये गेले. फोटोखाली लिहिलेलं त्यांचं खरं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. फाटक्या भुवयांची, वाकड्या नाकांची कितीतरी माणसं आपापल्या आयांना घेऊन आली होती. रुपेश वाढायला होता. आता थोडं पोट सुटलंय, नायगावात मुलांना बॉक्सिंग शिकवतो. पंगत उठल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"बाई, एक सांगायचं होतं. आता ते नाहीत म्हणून सांगतो." तो हातातल्या रुमालाशी चाळा करत होता. "त्या दिवशी तुम्ही बोटं दाखवलीत ना, दोन? मला चार दिसत होती. मी निम्मी करून सांगितली. मग तुम्ही तीन दाखवलीत, मला सहा दिसली. सकाळपासून खाल्लेलं सगळं उलटून पडत होतं, ते पण लपवलं मी."

मी म्हटलं, "हे बोर्डासमोर बोलला असतास तर त्यांचा परवाना वाचला असता रे. त्यांना तरी सांगायचंस!"

"त्यांना सांगितलं होतं. त्याच आठवड्यात, पाय धरायला गेलो होतो तेव्हा. मी बोर्डाकडे यायला तयार होतो, बाई, आईची शपथ. त्यांनीच येऊ दिलं नाही."

"का?"

"म्हणाले, तू बोललास की तुझा खेळ संपला, आणि बाईंनी आजारी माणसाला फिट लिहिलं असं कागदावर येईल. मग बाईंचा स्वतःच्या हातावर विश्वास राहणार नाही." रुपेशने नाक पुसलं. "म्हणाले, माझं काय, माझं झालं सगळं. बाईंना अजून पुष्कळ माणसं तपासायचीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडला. पहिला पेशंट साध्या खोकल्याचा होता. त्याला तपासायला मला पाऊण तास लागला.